शिकता शिकता कमवावे काय?

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाने वादविवाद स्पर्धा घेतली. विषय होता, ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अर्धवेळ नोकरी करू नये.’ चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला विषयाची अनुकूल बाजू आली. मी तावातावाने बोललो. विद्यार्थिदशा पुन्हा येत नाही, दोन डगरींवर पाय ठेवणारा अखेर पाण्यात पडतो, पैशाची चटक लागली की पुस्तक नकोसे होते, असे एकामागून एक मुद्दे मांडले. टाळ्या पडल्या आणि दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र पिशवीत घालून मी घाईघाईने निघालो, तो थेट महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानावर. चार वाजता कामावर हजर राहायचे होते आणि सव्वाचार होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी मला थांबवले. “काल बोललास छान. पण तू स्वतः नोकरी करतोस हे मला ठाऊक आहे. मग खरे काय, ते एकदा लिहून दे,” असे ते म्हणाले. प्रस्तुत लेख म्हणजे सरांच्या त्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर आहे. स्पर्धेत एकच बाजू मांडायची असते. येथे दोन्ही बाजू मांडण्याची मोकळीक आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

माझे गाव पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या पुढे डोंगरात. आमच्याकडे ‘विद्यार्थ्याने काम करावे की नाही’ हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. जूनमध्ये पेरणी, जुलैत भातलावणी, पुढे उतारावरची नाचणी-वरी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी. या दिवसांत शाळेच्या पटावरची निम्मी मुले शेतात असतात. त्याला कोणी नोकरी म्हणत नाही आणि त्याचा पगारही मिळत नाही. पण पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी आमच्या डोंगरात पूर्वीही नव्हता आणि आजही विरळाच आहे. बाकीचे घर मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालायचे. घरटी एक माणूस मुंबईला, हा आमच्या तालुक्याचा जुना रिवाज. आता मनिऑर्डर गेली आणि मोबाईलवरून पैसे येऊ लागले; येणारा आकडा मात्र महागाईच्या मानाने लहानच राहिला.

माझी पहिली मजुरी मला महापुराने दिली. २०२१ साली दहावीची परीक्षा झालीच नव्हती. परीक्षेवाचून निकाल लागलेली आमची तुकडी. निकाल लागून आठवडा होतो न होतो तोच २२ जुलै उजाडला. सावित्री आणि गांधारी यांच्या पाण्याने महाड शहर बुडाले. त्याच वेळी महाड तालुक्यात तळिये येथे, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. रस्ते मोकळे झाल्यावर मी बाबांबरोबर महाडला उतरलो. बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. तांदूळ, साखर, कापड, वह्या-पुस्तके सगळ्याचा एकच रंग झालेला. एका भुसार मालाच्या दुकानातला चिखल आम्ही पाच दिवस उपसला. त्या पैशांत थोडी भर घालून बाबांनी मला एक जुना मोबाईल घेऊन दिला, कारण अकरावीचे वर्ग तेव्हा मोबाईलवरच भरत होते. अंगणातल्या एका विशिष्ट दगडावर उभे राहिले तरच ‘रेंज’ येई. त्या दगडावर उभा राहून मी अकरावी शिकलो. ती मजुरी केली नसती तर माझे शिक्षण तेथेच थांबले असते. अर्धवेळ नोकरीच्या बाजूने माझ्यापाशी असलेला हा सर्वांत मोठा पुरावा.

आता उलट बाजूचा पुरावा. बारावीनंतर मी त्याच दुकानात संध्याकाळी कामाला लागलो. शेठ वाईट नव्हते. वेळेवर पगार देत, चहा पाजीत. परंतु त्यांच्या दुकानाचा हंगाम आणि माझा परीक्षेचा हंगाम एकच होता. द्वितीय वर्षाच्या पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या तोंडावर आली. इकडे रवा, बेसन, साखर, डालडा यांसाठी गिऱ्हाइकांची रीघ लागलेली. “चार दिवस जरा उशिरापर्यंत थांब,” असे शेठ म्हणाले. आठवणीने पगार देणाऱ्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. रात्री पोलादपूरची गाडी चुकली की मावशीकडे मुक्काम आणि सकाळी तेथूनच परीक्षेला. इतिहासाच्या पेपरात मी उत्तरपत्रिकेवर अक्षरशः पेंगलो. त्या विषयात नापास झालो. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे लागणारी ७५ टक्के हजेरी त्या सत्रात कशीबशी भरली. त्यासाठी सरांपुढे मान खाली घालून उभे राहावे लागले. दोष ना शेठचा, ना महाविद्यालयाचा. दोन्हीकडे होकार देत बसलो तो मीच.

यातून मला पहिली गोष्ट कळली ती अशी की, नोकरी चांगली की वाईट हे केवळ कामावरून ठरत नाही. ते तासांवरून ठरते. आठवड्याचे तास १६८. महाविद्यालयाचे सहा दिवस रोज पाच म्हणजे ३० तास. आमच्यासारख्यांचा एस. टी.चा प्रवास आणि फलाटावरची वाट पाहणे रोज तीन म्हणजे १८. झोप रोज सात म्हणजे ४९. अंघोळ, जेवण, घरची कामे रोज तीन म्हणजे २१. एकूण ११८ झाले. उरले ५० तास. अभ्यास, वाचन, खेळ, मित्र, सणवार, आजारपण सगळे या पन्नासांत. रोज चार तासांची नोकरी सहा दिवस केली की २४ गेले, २६ उरले. एवढ्यात अभ्यास होऊ शकतो. पण रोज आठ तासांची पाळी धरली की ४८ जातात आणि हाती दोन तास राहतात. दोन तासांत पदवी मिळत नाही, फार तर परीक्षेचा अर्ज भरता येतो.

हा हिशेब मी काल्पनिक मांडलेला नाही. माझा एक वर्गमित्र महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रात्रपाळीला जाऊ लागला. प्रथम तीन दिवस, मग सहा. वर्गात मागच्या बाकावर तो झोपे. आम्ही त्याला हसत असू. पुढे बाक रिकामा राहू लागला आणि एक दिवस त्याचे नाव पटावरून गेले. आज तो त्याच ठेकेदाराकडे आहे, हुद्दा तोच. पदवी नसल्यामुळे वरची जागा नाही आणि वेळ नसल्यामुळे पदवी नाही! रासायनिक कारखान्यांतील काम तर जोखमीचेही असते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्याच वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार मृत्युमुखी पडले, ही घटना आपण कोणीच विसरलेलो नाही. रात्री न झोपलेल्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी उभे राहणे हे शिक्षणाच्याच नव्हे, जिवाच्याही दृष्टीने चुकीचे आहे.

येथे कोणी म्हणेल, थोर माणसांनी कष्ट करूनच शिक्षण घेतले ना? घेतले, यात शंका नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकवण्या करून शिकले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. परंतु आपल्या रायगडच्या पायथ्याशी नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांचेही उदाहरण पाहावे. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले, आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. म्हणजे कष्टाने मिळवलेल्या पैशाइतकीच शिष्यवृत्तीही शिक्षणाला उपयोगी पडते. आपण मात्र व्याख्यानांतून कष्टाच्याच गोष्टी सांगतो आणि शिष्यवृत्तीची खिडकी कोठे आहे ते सांगायला विसरतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार कोणी केला असेल, तर तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. ते स्वतः एके काळी साताऱ्यात शिकवण्या करीत. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले मंगळसूत्रही मोडले, हे तर सर्वश्रुत आहे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयीन शिक्षणात आली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतेचे बोधवाक्य त्यातूनच अर्थपूर्ण झाले.

या योजनेचे मर्म नीट पाहिले पाहिजे. तेथे काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. शेतात किती तास राबायचे आणि वर्गात केव्हा बसायचे, हे एकाच हाताने ठरत होते. परीक्षा आली की काम कमी करणे हे त्या संस्थेच्याच हिताचे होते. शिवाय सगळेच राबत असल्यामुळे कोणाला कमीपणा वाटत नसे. आज आपण बाजारात जी नोकरी करतो तिला हे काहीच लागू नाही. दुकानदाराला आपले वेळापत्रक ठाऊक नसते आणि प्राध्यापकांना आपली पाळी ठाऊक नसते. तेव्हा कर्मवीरांचे नाव घेऊन कोणत्याही नोकरीचे समर्थन करणे बरोबर होणार नाही. पुणे विद्यापीठाने कर्मवीरांच्याच नावाने कमवा व शिका योजना चालवली. त्यात विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारातच ग्रंथालय, कार्यालय, बाग येथे रोज मोजके तास काम करतात. हा खरा त्यांचा वारसा.

दुसरी वाट आपल्या महाडशी जवळचे नाते सांगणारी आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, त्याची आठवण ठेवायला दरवर्षी लाखो लोक येथे येतात. पण त्याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून सकाळच्या वर्गांचा विचार केला, हे आपल्याला तितकेसे आठवत नाही. त्याच संस्थेने १९६१ साली महाडला महाविद्यालय काढले. त्याही आधी, १८५५ साली, महात्मा फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली होती. कर्मवीरांनी काम शाळेत आणले. फुले-आंबेडकरांनी शाळा कामकऱ्याच्या वेळेला नेली. दोन्ही वाटांत एक गोष्ट समान दिसते: विद्यार्थ्याला एकट्याला ओढाताण करीत सोडून दिले नाही.

तिसरी वाट परदेशांची. अमेरिकेने १९६४ साली कायदा करून गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या मार्फत काम आणि त्याचे वेतन देण्याची योजना आणली. इंग्लंडमध्ये पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला सर्वसाधारणपणे २० तासच काम करता येते. ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून ही मर्यादा पंधरवड्याला ४८ तास ठेवली, तर कॅनडाने २०२४ च्या अखेरीस ती आठवड्याला २४ तास केली. माझा वरचा हिशेब मी या आकड्यांशी ताडून पाहिला आणि मला समाधान वाटले. वीस ते चोवीस तासांपलीकडे शिक्षणाला धक्का पोहोचतो, हे आम्हा पोलादपूरकरांना एस. टी.च्या फलाटावर कळते तेच त्यांनाही कळले आहे.

विद्यार्थिनींचा विचार मी स्पर्धेत मुळीच केला नव्हता. परतताना एका वर्गभगिनीने तो लक्षात आणून दिला. ती म्हणाली, “तुम्हाला निदान पगार मिळतो. आम्ही पहाटे पाणी भरतो, भाकऱ्या करतो, मग महाविद्यालयात येतो. घरी गेल्यावर पुन्हा तेच. ही अर्धवेळ नोकरी कोणत्या यादीत धरणार?” मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना निम्मे तिकीट झाल्यामुळे अनेक जणींचे येणे-जाणे सोपे झाले, हे खरे. पण संध्याकाळची गाडी चुकली तर मी मावशीकडे राहिलो याचे कोणाला काही वाटले नाही; तिचे शिक्षणच बंद झाले असते. ती आता दुपारी महाडमध्येच दोन मुलांची शिकवणी घेते आणि उजेडी घरी पोहोचते. माझ्या पाहण्यातली ही सर्वांत चांगली अर्धवेळ नोकरी आहे. तास थोडे, वेळ दिवसाची, आणि शिकवता शिकवता स्वतःचेही व्याकरण पक्के होते.

इतिहासात नापास झाल्यावर मी दुकान बदलले. आता झेरॉक्स व ऑनलाईन अर्ज भरण्याच्या दुकानात चार ते सात काम करतो. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण शेवटची गाडी मिळते आणि परीक्षेच्या पंधरा दिवसांत सुट्टी मिळते. हे दोन्ही मी पहिल्याच दिवशी बोलून घेतले. या दुकानात मला एक विलक्षण अनुभव आला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येणारी मुले पुष्कळदा शेवटच्या दिवशी येतात. कोणाकडे उत्पन्नाचा दाखला नसतो, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नसते. आणि कित्येकांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता किंवा स्वाधार योजना यांपैकी आपल्याला काय लागू पडते, याचा पत्ताच नसतो. एस. टी.च्या विद्यार्थी पासात तिकिटाचा दोनतृतीयांश भार माफ असतो, पण पास काढायला वेळ नाही म्हणून रोज पूर्ण तिकीट काढणारेही मी पाहिले. म्हणजे हक्काचे पैसे खिडकीवर सोडून आपण ते कमवायला रात्रपाळीला जातो! म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नोकरी शोधण्याआधी आपल्या हक्काचे शोधा.

ते करूनही गरज उरली, तर नोकरी अवश्य करावी. त्यात लाज मानू नये. श्रमाची किंमत कळते, माणसे कळतात, बाबांच्या हाताला घट्टे का पडले ते कळते. मात्र काही पथ्ये पाळावीत. आठवड्याला वीस तासांच्या वर जाऊ नये. रात्रपाळी आणि धोक्याचे काम घेऊ नये. सुट्टीच्या हंगामात हात राखून ठेवू नये. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पर्यटकांची गर्दी असते, गणपतीच्या आधी मूर्ती रंगवायला हात हवे असतात, महामार्गावरच्या हॉटेलांना मे महिन्यात माणसे लागतात. मे महिन्यात केलेली दोन महिन्यांची कमाई ऑक्टोबरातला पेपर वाचवते. परीक्षेची सुट्टी आधीच बोलून घ्यावी. आणि मिळालेला पैसा कोठे जातो ते लिहून ठेवावे. फी, पास, पुस्तके, घरखर्च येथे गेला तर नोकरी शिक्षणासाठी आहे. नव्या मोबाईलच्या हप्त्यांत गेला तर आपण हप्त्यांसाठी राबतो आहोत, एवढे स्वतःशी कबूल करावे. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे पूर्ण वेळच नोकरी करावी लागते, त्यांनी नाव कमी करून घरी बसू नये. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ अशांसाठीच आहे.

महाविद्यालयाकडेही माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. ग्रंथालय, कार्यालय, बाग यांतले शक्य तेवढे काम विद्यार्थ्यांना मोबदला देऊन द्यावे. जूनमध्येच एक दिवस शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शनासाठी राखावा. त्या दिवशी अर्ज भरायला मी विनामूल्य बसेन. आणि प्रत्येक वर्गशिक्षकांनी कोण कोठे, किती वाजेपर्यंत काम करतो, याची एक वही ठेवावी. शिक्षा करण्यासाठी नव्हे. मागच्या बाकावर झोपलेल्याला हसण्याऐवजी कोणीतरी वेळेवर विचारावे, यासाठी.

सर, ‘करावी की करू नये’ या तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला अजूनही जमत नाही. माझी पहिली मजुरी मला अकरावीत घेऊन गेली आणि दुसऱ्या नोकरीने मला नापास केले. राहिलेला इतिहासाचा पेपर मी सुटवला आहे. माझ्या त्या वर्गमित्राचा बाक मात्र अजून रिकामा आहे. परवा स्टँडवर तो भेटला तेव्हा मुक्त विद्यापीठाच्या अर्जाविषयी मी त्याला सांगितले. “दुकानावर येतो,” असे म्हणाला आहे. त्याची रविवारी सुट्टी असते. रविवारी आमचे दुकान बंद असते, पण शेठकडून मी किल्ली मागून ठेवली आहे.